चारदीवारीतले वीस पहारेकरी

पॅरामीटराइज्ड कॉम्प्लेक्सिटी, म्हणजे अवघड प्रश्न एखाद्या लहान आकड्याच्या आधारे सोडवण्याचं शास्त्र, शिकायला लागून मला महिना झालाय. पहिला नियम खरा कळला तो जयपूरच्या चारदीवारीत, म्हणजे तटबंदीतल्या जुन्या शहरात, बडी चौपडच्या मेट्रो स्थानकाबाहेर वही उघडून बसलो तेव्हा.

प्रश्न असा: प्रत्येक रस्त्याच्या निदान एका टोकाला पहारेकरी हवा. तीन पहारेकऱ्यांत बडी, छोटी आणि रामगंज या तिन्ही चौपडींचे, म्हणजे मोठ्या चौकांचे, रस्ते राखता येतील का? बडी चौपडला चार रस्ते मिळतात: जोहरी बाजार, त्रिपोलिया, रामगंज आणि हवामहालाकडचा. इथे माणूस ठेवला नाही, तर चारही रस्त्यांच्या पलीकडच्या टोकांना चार जण लागतील. आहेत तीन. म्हणजे इथे एक हवाच. उरले दोन. छोटी चौपडचा त्रिपोलिया आता राखला गेला, तरी तीन रस्ते बाकी. तिथेही एक हवाच. तसाच तिसरा रामगंज चौपडला. एकही पर्याय चाचपून न पाहता उत्तर हातात! शिजवण्याआधी तांदूळ निवडावेत, तसं हे प्रीप्रोसेसिंग. मी हरखून गेलो.

मग वहीत गल्ल्याही काढल्या, पहारेकरी वीस केले आणि नियम अडला. वीसहून जास्त रस्ते मिळतात असा चौक आणायचा कुठून? एवढंच कळतं की उरलेले रस्ते चारशेच्या वर असतील, तर वीस जण पुरणार नाहीत. चारशेच्या आत असतील, तर डोकं लढवावंच लागतं.

याहून चांगली चाळणी शोधण्यात मी आठवडा घालवला. चौक चाळीसपर्यंत खाली आणता येतात, ही 1975 पासूनची वाट सापडली. रस्त्यांचं जंजाळ मात्र तसंच. मग डेल आणि व्हॅन मेल्कबीक यांचा 2010 मधला निष्कर्ष वाचला आणि सुन्न झालो. पहारेकऱ्यांच्या संख्येच्या वर्गापेक्षा ठळकपणे लहान नोंदीत हा प्रश्न झटपट बसवणारी पद्धत निघणारच नाही. निघालीच, तर संगणकशास्त्रातला एक मोठा, सर्वमान्य अंदाज कोसळेल. आजवर सुचली नाही, एवढंच नव्हे. उद्या कुणाला जी पद्धत सुचेल, तिलाही हे लागू. न जन्मलेल्या पद्धतींबद्दल असं बोलता येतं, यावर माझा आधी विश्वासच बसेना.

कारण समजलं ते दुसऱ्या प्रश्नातून: एकही चौक पुन्हा न लागता वीस चौकांतून जाणारी वाट आहे का? हजारो शहरांचे नकाशे न जोडता एका कागदावर मांडा. कुठल्याही एका शहरात वाट असेल, तर त्या कागदावरही ती आहेच. हा अख्खा कागद वीसच्या वर्गासारख्या ठरावीक घातावर बेतलेल्या चिठोरीत झटपट मावला, तर त्या चिठोरीत शहरामागे एक खूणही ठेवायला जागा नाही; तरीही उत्तर बरोबर आलं, तर तोच सर्वमान्य अंदाज कोसळतो. बोडलेंडर, डाउनी, फेलोज आणि हर्मेलिन यांनी हा युक्तिवाद मांडला. फोर्टनाऊ आणि संथानम यांनी 2008 मध्ये त्याला भक्कम पाया दिला.

पहाऱ्याचा प्रश्न निवडून चारशे रस्त्यांच्या आत तरी येतो. तो अंदाज खरा असेल, तर वाटेच्या प्रश्नाला तशी सवलतही नाही.