तीन वाजून दहा मिनिटे

२०१४ चा रमजान जून संपता संपता सुरू झाला. पाऊस लांबला होता. जुलै मध्यावर येताना तो कोल्हापुरात धरला, आणि त्याच सुमारास एका रात्री आमच्या सोसायटीच्या आवारात कुठल्यातरी गाडीचा अलार्म वाजू लागला. मी घड्याळ पाहिले. तीन वाजून दहा मिनिटे. सहेरीला अजून वेळ होता. मी कूस बदलली. पत्नी अंधारातच म्हणाली, "अजी उठो, वो अपनीच गाडी है."

लुंगीवर शर्ट चढवून, हातात रिमोट घेऊन मी जिना उतरलो. रिमोटचे बटण दाबताच आवाज बंद झाला. वर पाहिले तर तीन खिडक्यांत दिवे लागले होते. एका गॅलरीत कुणीतरी उभे होते. मी उगाचच हात वर केला. अंधारात तो दिसला असेल की नाही कोण जाणे.

चोवीस फ्लॅटच्या त्या सोसायटीत आमची दोनच घरे. फ्लॅट मिळायला आठ महिने लागले होते. "मालकांनी विचार बदलला", "नातेवाइकाला द्यायचा ठरला", अशी उत्तरे ऐकून झाली होती. मिळाला तेव्हा मुलांना बजावले होते, टीव्ही हळू, जिन्यात धावायचे नाही, मटणाच्या दिवशी खिडकी लावून घ्यायची. पत्नीच्या गुडघ्यांसाठी जुनी गाडी घेतली तीही आवाराच्या अगदी कोपऱ्यात, कुणाला अडचण होणार नाही अशी लावायचो. इतके सांभाळून राहणाऱ्या माणसाच्या गाडीने मध्यरात्री सबंध इमारतीला हाक मारावी!

शिवाय तो काळ. त्याच वर्षी २ जूनला पुण्यात हडपसर भागात नमाज पढून घरी परतणाऱ्या एका तरुणाला जमावाने मारून टाकले होते. समाजमाध्यमांवरच्या ज्या मजकुरावरून वातावरण तापले होते, त्याच्याशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. माझा मुलगा जवळपास त्याच वयाचा. तरावीहहून त्याला पाच मिनिटे उशीर झाला तरी मी गॅलरीत येरझाऱ्या घालायचो. तेव्हा खिडकीत लागलेला दिवा मला नुसता दिवा वाटत नव्हता.

दोन रात्रींनी अलार्म पुन्हा वाजला. मग लागोपाठ दोनदा. पत्नी म्हणाली, "तार तोडून टाका." पण त्याच महिन्यात आमच्या गल्लीतल्या दोन गाड्यांचे टेप चोरीला गेले होते. अलार्म आधीच्या मालकाने बाहेरून बसवून घेतलेला. रिमोट न दाबता नुसत्या किल्लीने दार लावले तरी अर्ध्या मिनिटात तो आपोआप जागा व्हायचा. पाचव्या दिवशी फलकावर सूचना लागली: 'ज्यांच्या वाहनांचे अलार्म रात्री-अपरात्री वाजतात त्यांनी त्वरित बंदोबस्त करावा.' मी ती चारदा वाचली. 'त्वरित' या शब्दाखाली रेघ होती. घरी आलो तर पत्नीने विचारले, "नाव लिहिलंय का त्यात?" नाव नव्हते. पण मला ते दिसत होते.

एका रविवारी मी स्वतःच कामाला लागलो. बॅटरीच्या टोकांवर पांढरी पूड जमली होती. गरम पाण्यात खाण्याचा सोडा टाकून ती धुऊन काढली. रिमोटमधला सेल बदलला. डॅशबोर्डखाली धक्का ओळखणारा सेन्सर होता, त्याचा छोटा स्क्रू फिरवून तो अगदी बोथट केला. चारही दारे उघडून लावून पाहिली. त्यानंतर तीन रात्री शांत गेल्या. मी नफिल नमाज अदा केली. चौथ्या रात्री पाऊस कोसळला आणि दोन वाजून चाळीस मिनिटांनी गाडी पुन्हा ओरडली.

खाली धावलो तेव्हा पहिल्या मजल्यावरचे काका गॅलरीत बसलेले दिसले. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, अबोल गृहस्थ. एका हातात टॉर्च, मांडीवर वही. ते घड्याळ पाहून काहीतरी लिहीत होते. माझ्या पोटात गोळा आला. तारीख, वेळ, गाडीचा नंबर... ही वही कुठे जाणार? कमिटीकडे? चौकीवर? त्या पहाटे सहेरीचा घास घशाखाली उतरला नाही.

सकाळी मी गाडी घेऊन उद्यमनगरातल्या मिस्त्रीकडे गेलो. त्याने मीटर लावला. बॅटरी साडेबारा व्होल्टच्या वर, म्हणजे ठणठणीत. मी रविवारी केलेले सगळे उपाय सांगितले, तर तो हसला.

"एकदमच सगळं केलासा, सर. आता थांबला असता तर कशानं थांबला कळलं असतं का? एका वेळी एकच गोष्ट करायची. बरं, वाजतोय कधी?"

"कधीही वाजतो."

"कधीही काय वाजत नसतंय. त्याचं ठरलेलं असतंय, आपल्याला म्हाईत नसतंय. लिहून आणा. दिवस, वेळ, पाऊस हुता का ऊन, गाडी कुठं लावलीती."

मी परत निघालो आणि वाटेतच लक्षात आले की ते सगळे लिहिलेले एका ठिकाणी आहे.

त्या रात्री तरावीहनंतर मी पहिल्या मजल्यावरची बेल वाजवली. एकाच इमारतीत चार वर्षे राहून त्या दारात मी पहिल्यांदाच उभा होतो. "काका, तुमची वही बघायला मिळेल का?" एवढेच कसेबसे म्हणालो.

त्यांनी वही आणली. ती पावसाची वही होती. नोकरीतली सवय सुटली नव्हती. गच्चीवर पर्जन्यमापक ठेवून ते रोज सकाळी मिलिमीटरमध्ये पाऊस लिहीत. जुलैच्या पानांवर समासात बारीक अक्षरात माझ्या गाडीच्या सात नोंदी होत्या. वेळ, किती मिनिटे वाजला, पाऊस कधी थांबला होता.

"पहिल्या दोन रात्री मी चिडलो होतो," काका म्हणाले. "हिला झोपेची गोळी घ्यावी लागते. ती सूचना मीच लावायला सांगितली. एकजण म्हणत होता, सरळ नाव घाला. मी म्हटलं, अलार्म चार गाड्यांना आहे, खात्री झाल्याशिवाय नाव घालायचं नाही. मग लिहायला लागलो. तुमच्याकडे येणारच होतो. पण रोजे चाललेत, पहाटेचं उठणं, म्हटलं ईद होऊ दे."

नाव घाला म्हणणारा कोण, हे मी विचारले नाही, त्यांनी सांगितले नाही. तेव्हा माझी भीती सगळीच खोटी नव्हती. पण ज्या वहीला मी सर्वांत जास्त भ्यालो, ती माझ्या विरोधात नव्हती. मी त्यांच्याकडे गेलो नव्हतो आणि ते माझ्याकडे आले नव्हते. दोघांनीही एकमेकांना त्रास नको म्हणून.

सातही नोंदी पाऊस थांबल्यानंतर दोन-तीन तासांच्या आतल्या. कोरड्या रात्री एकही नाही. मी ते कागदावर उतरवून घेतले.

मिस्त्रीने कागद वाचला आणि सरळ बोनेट उघडले. कडेला बोटाएवढा एक दांडीचा स्विच होता. बोनेट बंद असले की दांडी दबलेली राहते, उघडले की ती वर येते, तार गाडीच्या पत्र्याला टेकते आणि अलार्मला कळते की कुणीतरी हात घातला. त्यावरचे रबर फाटले होते, आत गंज चढला होता. समोरच्या काचेखाली साठलेले पाणी सावकाश झिरपून तिथे पोचायचे आणि त्या ओलीतूनच तार पत्र्याला जोडली जायची. दिवसा इंजिन तापते, ओल सुकते. म्हणून दिवसा कधीच तक्रार नाही. मिस्त्रीने तरीही आधी नुसती तार सोडून टेप गुंडाळली. "एक पावसाची रात जाऊ दे. गप बसला तरच नवा घालूया."

पावसाची रात्र गेली. अलार्म गप्प राहिला. मग नवा स्विच, नवे रबर, वर ग्रीस. सेन्सर त्याने पुन्हा मधोमध आणला. "लई बारीक ठेवला तर मांजर गेली तरी बोंबलणार. लई जाड ठेवला तर चोर आला तरी गप."

ईदच्या आधीच्या एका रात्री पुन्हा जोराचा पाऊस झाला. मी तीनला आपोआप जागा झालो आणि कान देऊन पडून राहिलो. पागोळ्यांखेरीज आवाज नव्हता. गॅलरीत येऊन खाली वाकून पाहिले. पहिल्या मजल्यावर टॉर्चचा उजेड होता. तेही ऐकत बसले होते.

ईदला शीरखुर्म्याचा डबा घेऊन गेलो तेव्हा वही टेबलावर उघडीच होती. त्या दिवसाच्या समासात लिहिले होते: 'पाऊस ३८ मि.मी. अलार्म नाही.'

गाडी विकून आता बरीच वर्षे झाली. पाऊस पडला की मी अजूनही तीनला जागा होतो. फक्त आता खिडकीत दिवा दिसला, तर आत कोण जागे आहे आणि कशासाठी, हे मी आपल्याच मनाने ठरवून टाकत नाही.