शेजाऱ्याचा श्वास

धूर चुलीचा आणि धुके पहाटेचे, अशी आमच्या वाडवडिलांची सरळ विभागणी होती. या दोहोंच्या संकरातून ‘धुरके’ हा शब्द घडवावा लागला तो शहरांमुळे. वसईच्या वाड्यांतून पहाटेची लोकल धरणाऱ्या आम्हांला पौष-माघातील धुके परके नाही. परंतु दहिसर ओलांडल्यावर खिडकीबाहेर जे तरंगत असते, त्याला दवाचा ओलावा नसतो. त्याने डोळे चुरचुरतात.

लंडनमध्ये डिसेंबर १९५२ मध्ये पाच दिवस धुरके साचले आणि सुमारे चार हजार माणसे दगावली. पुढील संशोधकांनी तर हा आकडा कितीतरी अधिक मानला. तो प्रामुख्याने कोळशाचा धूर होता. लॉस एंजल्सचे धुरके मात्र निराळे निघाले. मोटारी व तेलशुद्धीकरण कारखाने यांतून निघणारी वाफ आणि नायट्रोजनची ऑक्साइडे उन्हात एकत्र येऊन ओझोनसारखे दाहक वायू बनतात, हे आरी हागेन-स्मिट या रसायनशास्त्रज्ञाने १९५० च्या सुमारास दाखवून दिले.

मुंबईला समुद्राचे वरदान आहे. दिवसाचे खारे वारे आणि रात्रीचे मतलई वारे तिची हवा हलती ठेवतात. हिवाळ्यात हे वारे मंदावले, की जमिनीलगतची गार हवा वरच्या उबदार थराखाली कोंडली जाते. मग बांधकामांची धूळ, जळता कचरा, कारखान्यांचा धूर आणि वाहनांचा धूर हे सारे आपल्याच उंबऱ्याशी थांबते.

उपाय झालेच नाहीत, असे म्हणणे कृतघ्नपणाचे ठरेल. २००० साली देशभर पेट्रोलमधील शिसे गेले. न्यायालयांच्या आदेशांनंतर दिल्लीच्या बसगाड्या आणि मुंबईच्या जुन्या टॅक्सी सीएनजीकडे वळल्या. १ एप्रिल २०२० पासून इंधनातील गंधकाची मर्यादा दशलक्ष भागांत ५० वरून १० वर आली. प्रत्येक गाडी पूर्वीपेक्षा स्वच्छ झाली. पण गाड्यांची संख्या इतकी वाढली, की कमावलेले पुष्कळसे गमावले. विजेच्या गाडीला धूर नसला, तरी टायरची झीज आणि रस्त्यावरची धूळ तिलाही चुकत नाही. म्हणून यंत्र सुधारण्याइतकेच ते कमी वापरणे महत्त्वाचे आहे.

येथे प्रश्न सदसद्विवेकाचा होतो. काचा लावून वातानुकूलित गाडीत बसलेल्याला धुराचा त्रास कमी होतो. तो होतो चौकातील वाहतूक पोलिसाला, पदपथावर भाजीची पाटी घेऊन बसलेल्या बाईला, शाळेच्या फाटकाशी उभ्या असलेल्या बालकाला. यांच्यापैकी कित्येकांच्या दारी गाडी नाही. परमेश्वराने मातीच्या मानवात श्वास फुंकला, असे उत्पत्तीचे पुस्तक सांगते. त्या श्वासात विष कालवण्याचा अधिकार आपणांस कोणी दिला? शेजारप्रीतीची आज्ञा आपल्या गाडीच्या धुरापर्यंत पोहोचत नाही काय?

पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात एकदोन माणसांसाठी धावणाऱ्या मोटारींच्या गर्दीचा उल्लेख करून सार्वजनिक वाहतुकीला अग्रक्रम देण्याची गरज सांगितली आहे. आरंभ आपल्या धर्मग्रामातूनच करता येईल. रविवारच्या मिस्सेला हाकेच्या अंतरावरून गाडी काढण्याऐवजी पायी जावे. दूर राहणाऱ्यांनी एका गाडीत चौघे यावे. सिग्नलला इंजिन बंद करावे. पीयूसी म्हणजे केवळ पोलिसाला दाखवायचा कागद, असे मानू नये. आणि चांगल्या बससेवेसाठी नगरसेवकाकडे आपण सर्वांनी मिळून आग्रह धरावा. उपवासकाळात आपण मांस वर्ज्य करतो. त्या चाळीस दिवसांत अनावश्यक फेऱ्याही वर्ज्य केल्या, तर तो उपवास शेजाऱ्याच्या छातीला जाणवेल.