सईसाठी गंजिफा

सावंतवाडी

चि. अमेय,

परवा फोनवर तू म्हणालास, "आत्या, काही आणू नकोस, मेलबर्नला सगळं मिळतं." मिळतं, हे मला ठाऊक आहे. पापड, लोणची, भाजणी, सगळं तुमच्या तिथल्या दुकानांत असतं. म्हणून खाण्याच्या जिनसा मी कमीच केल्या. मृणालसाठी आमसुलं आणि मालवणी मसाला तेवढा घेतला आहे, तोही उतरताना लिहून, दाखवून आणीन. दुधाचे पदार्थ, फळं, बियाणं यांबाबत तुमच्याकडे फार कडक असतं आणि ते योग्यच आहे. ज्याच्या घरी जायचं त्याच्या उंबऱ्याचे नियम पाळावेत.

पण सईसाठी मी दशावतारी गंजिफांचा संच घेतला आहे. तो का घेतला, हे तुला आधीच सांगते, म्हणजे पेटी उघडल्यावर "हे शोकेसमध्ये ठेवू" असं कुणी म्हणायला नको.

मागच्या वेळी आली तेव्हा सई जत्रेत दशावतारी नाटक बघायला बसली होती. संकासुर आला तशी मृणालच्या मांडीत शिरली, पण उठली नाही. दुसऱ्या दिवशी मला विचारत होती, अवतार दहा, मग बाकीचे कुठे गेले? तिच्या त्या प्रश्नाचं उत्तर या पेटीत आहे.

गंजिफा म्हणजे गोल पत्ते. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक ते दहा अशी बारा पानं, एकूण १२०. मत्स्याच्या पानांवर मासे, कूर्माच्या पानांवर कासवं, परशुरामाच्या पानांवर परशू. अर्ध्या रंगांत दश्शी मोठी, उरलेल्या अर्ध्यांत एक्का मोठा. दिवसा खेळताना ज्याच्या हाती रामाचा राजा तो सुरुवात करतो, रात्री कृष्णाचा राजा असणारा. कोणती पानं पडून गेली हे लक्षात ठेवावं लागतं, त्यामुळे नुसत्या नशिबावर इथे जिंकता येत नाही.

हा खेळ इराणकडून आला असं मानतात. आपल्याकडची त्याची सर्वांत जुनी नोंद बाबरनाम्यात आहे. १५२७ साली बाबरानं सिंधमध्ये ठठ्ठ्याला शाह हसनकडे गंजिफा पाठवल्या, कारण त्याला त्यांची आवड होती आणि त्यानं त्या मागवल्या होत्या. म्हणजे या पत्त्यांची इथली पहिली लेखी आठवणच दूरच्या माणसाला पाठवलेल्या भेटीची आहे! हे वाचलं तेव्हा मला फार आनंद झाला. पुढे आपल्या लोकांनी त्यात विष्णूचे अवतार आणले.

आपल्या गावात चितारी मंडळी हे पत्ते करत. जुन्या रीतीत कापडाला चिंचोक्याची खळ लावून थर चिकटवायचे, खडूचा हात द्यायचा, दगडानं घोटून गुळगुळीत करायचं, मग रंग आणि वरून लाख. छापील पत्ते स्वस्त झाले तशी गिऱ्हाइकं गेली आणि एक वेळ अशी आली की ही विद्या जाणणारे पुंडलिक चितारी म्हातारे झाले होते आणि शिकायला कुणी नव्हतं. तेव्हा सावंतवाडीचे राजे शिवरामराजे भोसले आणि राणी सत्वशीलादेवी स्वतः त्यांच्याकडून ती शिकले आणि राजवाड्यात कारागीर बसवले. राजघराण्यातल्या माणसांनी चिताऱ्याला गुरू केलं, याचं मला कौतुक वाटतं. मोती तलावाकाठच्या त्या वाड्यात आजही दरबार हॉलमध्ये ब्रश चालतात. २०२४ मध्ये सावंतवाडीच्या गंजिफेला भौगोलिक मानांकनही मिळालं.

चितारआळीतली लाकडी फळंही मी बघितली. ती सुरेख असतात, पण सई आता भातुकलीच्या वयाची राहिली नाही. छापील गंजिफाही मिळतात. मी हातानं रंगवलेल्याच घेतल्या. किंमत विचारू नकोस.

खरं कारण अजून वेगळंच आहे. गंजिफा तिघांत खेळतात, प्रत्येकाला चाळीस पानं. तुम्ही घरात तिघंच आहात आणि संध्याकाळी तिघं तीन खोल्यांत असता, हे सईनंच मला सांगितलं. साडी आणली असती तर ती कपाटात गेली असती, मिठाई आठवड्यात संपली असती. हा खेळ मी शिकवून परत आले तरी तुमच्यात चालू राहील, आणि तो मांडायचा तर तुम्हा तिघांना एका चटईवर बसावंच लागेल.

पानांना ओला हात लावायचा नाही आणि ती उन्हात ठेवायची नाहीत. मी येईपर्यंत सईकडून दहा अवतार क्रमानं पाठ करून घे, आणि पहिल्या शनिवारची संध्याकाळ तू आणि मृणाल दोघांनी मोकळी ठेवा.

तुझी,
आत्या