आत्ता नको, कामात आहे

मागच्या वर्षी एका शुक्रवारी रात्री आमचं रिलीज चालू होतं. टीममधल्या सगळ्यात नव्या मुलाने चॅटवर लिहिलं, "दादा, डिस्क भरत चाललीय असं वाटतंय. बघशील का?" मी लिहिलं, "आत्ता नको, कामात आहे." तो झोपायला गेला. पहाटे तीनला सर्व्हर बंद पडला.

सोमवारी रिपोर्ट मीच लिहिला. कारण : अलर्टची मर्यादा चुकीची होती. हे खोटं नव्हतं. फक्त त्याचा मेसेज मी त्यात घातला नाही.

टायटॅनिकचा नाद मला शाळेपासून आहे. त्याच आठवड्यात पुन्हा वाचत बसलो आणि एका जागी अडकलो.

14 एप्रिल 1912, रात्री अकराच्या सुमारास. टायटॅनिकचा वायरलेस ऑपरेटर जॅक फिलिप्स प्रवाशांच्या खाजगी तारा केप रेसच्या केंद्राकडे पाठवत होता. आदल्या दिवशी यंत्र बिघडल्यामुळे तारांचा ढीग साचला होता. तेवढ्यात जवळच्या 'कॅलिफोर्नियन' जहाजावरून सिरिल एव्हान्सने कळवलं : आम्ही बर्फात अडकून थांबलोय. गप्पा माराव्यात तसा साधा निरोप. जहाज जवळ, म्हणून आवाज कानठळ्या बसवणारा. फिलिप्सचं उत्तर : गप्प बस, मी कामात आहे. एव्हान्स त्या जहाजावर एकटाच ऑपरेटर. थोड्या वेळाने यंत्र बंद करून तो झोपला. 11:40 ला टायटॅनिक हिमनगावर घासलं.

फिलिप्सला खलनायक करणं सोपं आहे, पण ते खरं नाही. बर्फाचे इशारे दिवसभर येत होते, काही कॅप्टनपर्यंत पोचलेही होते. तरी जहाज सुमारे 22 नॉट वेगाने चाललं होतं. 20 लाइफबोटींत जागा 1178 जणांची, जहाजावर माणसं 2200 च्या आसपास, आणि तेव्हाच्या नियमांनुसार हे चालत होतं! फिलिप्स जवळजवळ शेवटपर्यंत मदतीचे संदेश पाठवत राहिला आणि त्या रात्रीच गेला. 'कार्पेथिया'ने तो संदेश ऐकला, कारण तिथला ऑपरेटर योगायोगाने अजून झोपला नव्हता. तिने सातशेच्या वर माणसं वाचवली. सुमारे दीड हजार गेली.

याहून जास्त माणसं घेऊन बुडालेली जहाजं आहेत. मग आपण परत परत इथेच का येतो? मला वाटतं, टायटॅनिक बुडायला 2 तास 40 मिनिटं लागली आणि नंतर अमेरिका आणि ब्रिटन दोन्हीकडे चौकशा झाल्या. म्हणून त्या रात्रीचा जवळजवळ मिनिटामिनिटाचा लॉग आपल्याकडे आहे. वाचताना दर दोन ओळींनी वाटतं, इथे थांबवता आलं असतं.

त्या लॉगमध्ये फिलिप्सचं उत्तर आहे, कारण एव्हान्सने साक्षीत ते सांगितलं. पुढे जहाजांवर चोवीस तास वायरलेस ऐकायचा नियम आला, सगळ्यांना पुरतील इतक्या बोटी आल्या. हे घडलं, कारण काय काय चुकलं ते कुठेतरी लिहिलेलं होतं.

माझ्या रिपोर्टमध्ये एव्हान्सच नव्हता.

आमच्याकडे कोणी मेलं नव्हतं, काही तासांचे व्यवहार अडकले एवढंच. तरी मी रिपोर्ट पुन्हा उघडला. रात्री 10:52, त्याचा मेसेज. 10:53, माझं उत्तर. दोन्ही जसेच्या तसे टाकले आणि त्याला लिंक पाठवली.

त्याने एवढंच लिहिलं, "दादा, मला वाटलं मीच नीट सांगितलं नाही."