आगोटीच्या तोंडावर : मुंबई ते अगत्ती आणि परत

दिवस पहिला : बॅलार्ड पिअर ते खांदेरी

मुंबई सुमारे ७२.८ अंश पूर्व रेखांशावर आहे आणि लक्षद्वीपमधले अगत्ती ७२.२ वर. म्हणजे मुंबईहून अगत्तीला निघालेले जहाज जवळपास नाकासमोर दक्षिणेला चालते. पावसाळी वाऱ्याच्या लाटा मात्र पश्चिमेकडून आणि नैर्ऋत्येकडून येतात. त्यामुळे सुमारे ९०० किलोमीटरच्या या वाटेवर लाट जहाजाच्या नाळेला क्वचितच भेटते. ती आडवी येते, कुशीवर आदळते. प्रवाशांच्या हालांचे खापर कप्तानावर किंवा जहाजाच्या वयावर फोडले जाते, पण बहुतेक वेळा दोष या भूगोलाचा असतो.

मेच्या उत्तरार्धात, आगोटीच्या म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावर, मुंबईतला क्रूझचा हंगाम संपत आलेला असतो आणि शाळांची सुट्टी अजून उरलेली असते. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरकडच्या कुटुंबांना सोयीचे दिवस नेमके हेच. २०१८ मध्ये मुंबई-गोवा मार्गावर ‘आंग्रिया’ आली, २०१९ मध्ये ‘कर्णिका’, आणि सप्टेंबर २०२१ पासून कॉर्डेलिया कंपनीची ‘एम्प्रेस’. तोवर क्रूझ म्हणजे सिंगापूरच्या सहलीतला एक दिवस, एवढीच अनेकांची ओळख होती. बदलापूर ते सीएसएमटी ६८ किलोमीटर, लोकलने साधारण दीड तास. तिथून टॅक्सीने बॅलार्ड पिअर हाकेच्या अंतरावर. मोठ्या बॅगा घेऊन सकाळच्या गर्दीच्या लोकलमध्ये शिरण्याचे धाडस कोणी करू नये. जहाज सुटते संध्याकाळकडे, तेव्हा गर्दी ओसरल्यावरची गाडी पुरते.

उल्हासनगरचे या गोदीशी नाते जुने आहे. फाळणीनंतर कराचीहून आगबोटींनी आलेली सिंधी कुटुंबे मुंबईत उतरली आणि त्यांतली पुष्कळ कल्याण कॅम्पच्या लष्करी बराकींत पोहोचली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी त्या छावणीचे उल्हासनगर झाले. तेव्हाच्या आणि आताच्या प्रवासात समुद्र तेवढा एकच, बाकी तुलना करण्यासारखे काही नाही.

जहाज सुटण्याआधी कवायत असते. भोंग्याचे सात छोटे आणि एक लांब सूर वाजले की प्रत्येकाने नेमून दिलेल्या जागी जमायचे, लाइफ जॅकेट कसे बांधायचे ते पाहायचे. पूर्वी ही कवायत निघाल्यावर चोवीस तासांच्या आत उरकली तरी चालत असे. जानेवारी २०१२ मध्ये इटलीच्या किनाऱ्यालगत ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ खडकावर आपटून कलंडले, तेव्हा काही तासांपूर्वी चढलेल्या प्रवाशांची कवायत झालेलीच नव्हती. त्यानंतर नियम बदलला आणि २०१५ पासून ती निघण्यापूर्वी किंवा निघताक्षणी घेणे बंधनकारक झाले.

मुंबईचे बंदर आतल्या बाजूला, आडोशाचे आहे. त्यामुळे पहिला तास-दीड तास हातातल्या कपातला चहासुद्धा हलत नाही आणि नवखे प्रवासी निर्धास्त होतात. प्राँग्जचे दीपगृह मागे पडले आणि डाव्या अंगाला खांदेरी बेट आले की उघडा समुद्र सुरू होतो.

बंदराच्या याच तोंडाशी, रेवसच्या वाटेवर, काशाच्या खडकाजवळ १७ जुलै १९४७ रोजी ‘रामदास’ बुडाली. दिवस आषाढी अमावास्येचा, म्हणून गटारीला गावी निघालेल्या गिरगाव-परळच्या चाकरमान्यांनी बोट भरलेली होती. भाऊच्या धक्क्यावरून सकाळी सुटलेली बोट वाटेत वादळी पावसात सापडली. एका मोठ्या लाटेने ती कलली, घाबरलेले प्रवासी एकाच अंगाला धावले आणि बोट उलटली. सातशेच्या आसपास प्रवाशांपैकी सहाशेहून अधिक दगावले. बोटीवर बिनतारी यंत्रणा नव्हती, त्यामुळे कित्येक तास मुंबईला पत्ताच नव्हता. मासळी घेऊन मुंबईकडे निघालेल्या रेवसच्या कोळ्यांनी मासळी पाण्यात फेकून माणसे होड्यांत घेतली. वाचलेल्यांपैकी बरेच जण त्यांच्यामुळे वाचले. ‘रामदास’ची लांबी सुमारे ५५ मीटर, तर ‘एम्प्रेस’ची २१० मीटर. ‘रामदास’ एकट्या लाटेने बुडाली नाही. लाटेबरोबर एका अंगाला धावलेल्या माणसांच्या वजनाने तिला उलटवले, आणि हे वजन आजही प्रत्येक जहाजाच्या हिशोबात धरावे लागते.

दिवस दुसरा : उघडा समुद्र

लाट किती मोठी होणार हे तीन गोष्टींवर ठरते : वाऱ्याचा वेग, तो किती वेळ वाहिला, आणि किती लांबीच्या मोकळ्या पाण्यावरून वाहिला. पावसाळी वारा अरबी समुद्रावर हजारो किलोमीटर अडथळ्याविना येतो. म्हणून जून ते ऑगस्ट या काळात कोकण किनाऱ्यासमोर तीन-चार मीटरच्या लाटा ही रोजची बाब असते. हैदराबादची ‘इन्कॉइस’ ही संस्था लाटांचा अंदाज देते, तो एका खास सरासरी उंचीत. ती उंची म्हणजे सर्वांत उंच एक तृतीयांश लाटांची सरासरी. अंदाजात ३ मीटर लिहिले असेल तर काही तासांत एखादी लाट ६ मीटरच्या घरातली येणार हे गृहीत धरायचे असते. अंदाज चुकला असे त्या वेळी म्हणण्यात अर्थ नाही.

उंचीपेक्षाही एका शिखरापासून दुसऱ्या शिखरापर्यंतचा वेळ महत्त्वाचा. खोल समुद्रात ८ सेकंदांनी येणाऱ्या लाटांमधले अंतर सुमारे १०० मीटर असते, १० सेकंदांना १५६ मीटर, १२ सेकंदांना सव्वादोनशे मीटर. दहा सेकंदांची लाट ताशी ५६ किलोमीटर वेगाने पळते, म्हणजे बदलापूर लोकलच्या सरासरीपेक्षा जलद. लाटा नाळेकडून आल्या आणि आखूड असल्या तर २१० मीटरचे जहाज एकाच वेळी दोन शिखरांवर टेकते आणि फारसे हलत नाही. लाटेची लांबी जहाजाच्या लांबीजवळ पोहोचली की नाळ उठते आणि धप्पकन बसते.

आडव्या लाटेत गणित वेगळे होते. तिथे जहाजाचा स्वतःचा झोका किती सेकंदांचा हे पाहावे लागते. मोठ्या प्रवासी जहाजाचा झोका साधारण पंधरा ते वीस सेकंदांचा असतो. जवळच्या वाऱ्याने उठलेल्या, फेसाळ, बघून धडकी भरवणाऱ्या लाटा आठ-नऊ सेकंदांच्या. त्यांचे ठेके जहाजाच्या झोक्याशी जुळत नाहीत. उलट दूर दक्षिण महासागरातल्या वादळांतून निघून आठवडाभर प्रवास करत आलेला लांबट फुगवटा बुटका असतो, ऊन पडलेले असते, वारा नसतो, आणि तरीही ठेका जुळल्यामुळे जहाज डावीउजवीकडे लोळू लागते. केरळच्या किनाऱ्यावर हाच फुगवटा अचानक घरांत शिरतो. तिथे त्याला ‘कळ्ळक्कडल’ म्हणजे चोर समुद्र म्हणतात. आगोटीपूर्वीच्या दिवसांत असा फुगवटा आणि दक्षिणेकडून सरकणारा पावसाळी वारा, दोन्ही एकत्र भेटण्याची शक्यता असते.

झोका आवरायला जहाजाच्या दोन्ही कुशींतून पाण्याखाली पंख बाहेर काढतात. विमानाच्या पंखासारखे ते पाण्याच्या प्रवाहावर दाब निर्माण करतात आणि झोक्याचा मोठा भाग खाऊन टाकतात. मात्र ते चालत्या जहाजावरच काम करतात. लाटा फार वाढल्या की कप्तानाला वेग कमी करावा लागतो, आणि वेग कमी झाला की पंखांचा जोरही कमी होतो. मग तो मार्ग वाकडा करतो, लाट नाळेच्या एका बाजूने घेतो आणि काही तास उशीर पत्करतो. उशिरावरून स्वागतकक्षाशी हुज्जत घालणाऱ्यांना हे कोणी सांगत नाही.

जहाजावर समुद्र वाढल्याची चिन्हे आधी किरकोळ गोष्टींत दिसतात. पोहण्याच्या तलावातले पाणी एका काठावरून दुसऱ्या काठावर आपटू लागते. थोड्या वेळात त्यावर जाळी पडते आणि तलाव रिकामा होतो. लिफ्टजवळच्या कठड्यात कागदी पिशव्यांचे गठ्ठे खोचले जातात. जेवणाच्या हॉलमध्ये गर्दी निम्म्यावर येते, आमटीच्या वाट्या अर्ध्याच भरल्या जातात. उघड्या डेकचे दरवाजे दोरी लावून बंद होतात.

बोट लागणे म्हणजे डोळे आणि कान यांचे भांडण. आतल्या कानातला तोल सांभाळणारा भाग हालचाल कळवतो, केबिनच्या भिंती मात्र स्थिर दिसतात. साधारण पाच सेकंदांत एकदा होणारी वरखाली हालचाल सर्वांत जास्त मळमळ आणते. उपाय साधे आहेत : जहाजाच्या मध्यावरची, खालच्या मजल्यावरची केबिन घ्यावी, कारण नाळेला आणि मागच्या टोकाला हालचाल सर्वांत जास्त असते, क्षितिजाकडे पाहावे, मोबाइलमध्ये तोंड खुपसू नये. अॅव्होमिनची गोळी डॉक्टरांना विचारून, आणि मळमळ सुरू होण्याआधी घ्यावी; नंतर ती पोटात राहत नाही. आलेपाक जवळ असावा. उंचावरची, बाल्कनीची महागडी केबिन घेऊन त्रास विकत घेणारे पुष्कळ असतात.

दिवस तिसरा : अगत्ती

अगत्तीला मोठ्या जहाजाला लागता येईल असा धक्का नाही. जहाज प्रवाळाच्या कड्याबाहेर थांबते आणि प्रवाशांना लहान बोटींतून बेटावर नेतात. दोन मीटरचा फुगवटा २१० मीटरच्या जहाजाला जाणवतही नाही. पण बाजूच्या दारातून लहान बोटीत पाय टाकताना हाच फुगवटा बोट माणसाच्या उंचीइतकी वर उचलतो आणि खाली सोडतो. खलाशी दोन्ही दंड धरून, बोट वर आल्याच्या क्षणी प्रवाशाला आत ओढतात. फुगवटा वाढला तर बेट डोळ्यांसमोर असूनही उतरणे रद्द होते. तिकिटावर तशी अट छापलेली असते, ती आधी वाचलेली बरी.

कोकणात स्टीमर चालत तेव्हा हा अनुभव बंदरोबंदरी होता. दाभोळ, जयगड, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले अशा बंदरांतून स्टीमर बाहेर नांगर टाकी आणि माणसे, ट्रंका, फणस, कोंबड्या पडावांतून किनाऱ्याला जात. ही वाहतूक पावसाळ्यात बंद असे. त्याचे कारण जेवढे मोठ्या समुद्रात, तेवढेच या पडावांत होते.

दिवस चौथा : परतीच्या वाटेवर, इतर समुद्र

परतीच्या दिवशी लाट दुसऱ्या कुशीवर येते, एवढाच फरक. अरबी समुद्र कितीही खवळला तरी जगातल्या क्रूझ जहाजांनी याहून वाईट पाहिले आहे.

अवाढव्य एकट्या लाटांच्या खलाशांच्या गोष्टी बराच काळ अतिशयोक्ती मानल्या जात. १ जानेवारी १९९५ रोजी उत्तर समुद्रातल्या ‘ड्राउप्नर’ या वायूच्या फलाटावर उपकरणाने २५.६ मीटरची लाट मोजली. भोवतालच्या सर्वांत उंच एक तृतीयांश लाटांची सरासरी सुमारे १२ मीटर होती. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये अटलांटिकमध्ये ‘क्वीन एलिझाबेथ २’ समोर २९ मीटरच्या आसपासची लाट आली. जहाज तिच्यावर नाळेने चढले आणि निभावले. मार्च २०१० मध्ये भूमध्य समुद्रात ‘लुई मॅजेस्टी’वर आठ मीटरच्या लाटेने काचा फोडल्या, दोन प्रवासी मेले. नोव्हेंबर २०२२ मध्ये अर्जेंटिनाच्या दक्षिण टोकाजवळ ‘व्हायकिंग पोलारिस’च्या केबिनच्या काचा फुटून एका प्रवासी महिलेचा मृत्यू झाला. या शेवटच्या दोन घटनांत जहाजाचा सांगाडा शाबूत राहिला. घात काचांनी केला.

नॉर्वेतली ‘व्हायकिंग स्काय’ची गोष्ट अधिक बोलकी आहे. २३ मार्च २०१९ रोजी हुस्टाडव्हिका या खडकाळ पट्ट्यात जहाजावर १,३७३ माणसे होती. इंजिनांच्या टाक्यांत वंगणाचे तेल कमी होते. जहाज हेलकावू लागले तसे तेल टाकीत इकडून तिकडे गेले, पंपांनी हवा ओढली आणि संरक्षक यंत्रणेने इंजिने बंद केली. इंजिने बंद म्हणजे सुकाणू नाही, पंख नाहीत. जहाज खडकांकडे वाहत गेले. नांगर टाकून, हेलिकॉप्टरने साडेचारशेहून अधिक प्रवासी उचलून आणि इंजिने पुन्हा सुरू करून ते वाचले. शांत समुद्रात त्या तेलाची कमतरता कदाचित लक्षातही आली नसती.

आपल्याकडचा अलीकडचा दाखला क्रूझचा नाही, पण विसरण्यासारखाही नाही. मे २०२१ मध्ये ‘तौक्ते’ चक्रीवादळात मुंबईसमोरच्या तेलक्षेत्रात ‘पी-३०५’ ही राहण्याची बार्ज नांगर तुटून वाहत गेली आणि बुडाली. २६१ जणांपैकी १८६ जणांना नौदल आणि तटरक्षक दलाने वाचवले. महिना मे, म्हणजे हेच आगोटीचे तोंड.

दिवस पाचवा : मुंबई

उतरल्यावर फलाट हलतो आहे असे वाटणे स्वाभाविक आहे. चार दिवस झोक्यांशी जुळवून घेतलेल्या मेंदूला स्थिर जमीन परकी वाटते; एक-दोन दिवसांत हे जाते. क्वचित कोणाला ते महिनाभर टिकते, तेव्हा कानाच्या डॉक्टरांना दाखवावे.

पावसाळ्यात जहाज मुंबई सोडते. २०२३ च्या जूनमध्ये कॉर्डेलियाने चेन्नईहून श्रीलंकेच्या फेऱ्या सुरू केल्या. नैर्ऋत्येचा वारा भारतीय द्वीपकल्प ओलांडून तिकडे जातो, म्हणून चेन्नईच्या किनाऱ्याला जमिनीचा आडोसा मिळतो. इकडे तोच वारा सह्याद्रीला धडकून उल्हास नदी भरतो. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान ‘महालक्ष्मी एक्स्प्रेस’ पुराच्या पाण्यात अडकली आणि सुमारे १,०५० रेल्वे प्रवाशांना होड्यांतून बाहेर काढावे लागले.

नारळी पौर्णिमेला नारळ अर्पण झाला की कोळ्यांचा समुद्र उघडतो. क्रूझचा हंगाम सप्टेंबर-ऑक्टोबरपासून. बोट लागणाऱ्यांनी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने धरावेत. त्या काळात इराणच्या आखातातल्या ‘शमाल’ वाऱ्यांचा फुगवटा अधूनमधून वायव्येकडून येतो. जाताना तो मागून ढकलतो, त्यामुळे त्रास कमी. येताना मात्र तोच नाळेवर घ्यावा लागतो.