वाटेत मिरजेला उतरा

सुट्टी जवळ आली की दौंड-शिरूरकडची कुटुंबे मला गोव्याच्या किनाऱ्यांविषयी विचारतात. मी सांगतो, वाटेत मिरजेला एक दिवस उतरा. तेथे भोपळ्यापासून सतारी, तंबोरे घडतात. मीरासाहेबांच्या दर्ग्यात दरवर्षी उस्ताद अब्दुल करीम खाँ (निधन १९३७) यांच्या स्मरणार्थ गायन-वादन होते. पुढे गोव्यात माजोर्ड्याच्या किनारी समुद्रस्नान अवश्य करावे. पण संगीतकार प्यारेलाल यांचे व्हायोलिनगुरू अँथनी गोन्साल्विस (१९२७–२०१२) याच गावचे, हेही मुलांना सांगावे. गोव्यातील कित्येक वादकांनी स्वरलिपी धर्मग्रामाच्या शाळेतच गिरवली. आमच्या गायनवृंदाला मात्र पेटी वाजवायला मुले मिळेनाशी झाली आहेत. शिंपल्यांबरोबर एखाद्या मुलाने वाद्याची ओढही घरी आणली, तर येत्या नाताळला आमची पेटी पुन्हा बोलू लागेल.