दाबा नाहीतर उचला

अमेरिकेत साउथ कॅरोलिनातलं 'बेस्ट फ्रेंड ऑफ चार्ल्सटन' हे इंजिन १७ जून १८३१ रोजी फुटलं. सेफ्टी व्हॉल्व्हमधून वाफ सुटत होती आणि तिच्या फुसफुशीला भट्टी सांभाळणारा फायरमन वैतागला होता. त्याने व्हॉल्व्हचा दांडा दाबून धरला. आवाज थांबला, बॉयलर उडाला, फायरमन जिवानिशी गेला. पुढे रेल्वे कंपनीने काय केलं, तर इंजिन आणि प्रवासी यांच्यामध्ये कापसाच्या गाठी लादलेला एक डबा जोडला! इंजिनावरच्या माणसांना त्या गाठींचा काय उपयोग?

फायरमनला मूर्ख ठरवणं सोपं आहे. पण सुटलेली वाफ म्हणजे वाया गेलेला कोळसा, आणि चढावर गाडी अडखळू लागली की आणखी थोडा दाब हवासा वाटतोच. हा मोह इंग्लंडच्या जॉन रॅम्सबॉटमने नेमका ओळखला. १८५५ साली त्याने दोन व्हॉल्व्ह शेजारी-शेजारी बसवले, दोन्हींवर एकच दांडा आडवा टेकवला आणि मधोमध एका स्प्रिंगने तो खाली ओढून धरला. दांड्याचं शेपूट ड्रायव्हरच्या हाताशी. ते उचललं तर जवळचा व्हॉल्व्ह उघडतो. खाली दाबलं तर जवळचा घट्ट बसतो, पण त्याच्यावरच दांडा कलून पलीकडचा उचलला जातो. काहीही करा, वाफ बाहेर पडणारच. सूचनांच्या पाट्या लावण्यापेक्षा ही खोडी कितीतरी हुशार.

बॉयलरमधलं पाणी कमी पडलं तर मात्र व्हॉल्व्हचा इलाज चालत नाही. भट्टीच्या छतावर पाणी आहे तोवर पत्रा शाबूत. ते उतरलं की पत्रा तापून मऊ पडतो आणि दाबाखाली फाटतो. सुरुवातीचे पंप इंजिन धावतानाच चालत, त्यामुळे नुसतं पाणी भरायला इंजिन पुढेमागे फिरवावं लागे. १८५८ साली फ्रान्सच्या आंरी जिफारने उभ्या इंजिनातही वाफेच्या जोरावर पाणी भरणारा इंजेक्टर काढला आणि ती कटकट मिटली.

पाण्याची पातळी गेज ग्लासमध्ये दिसते, पण काचेकडे येणाऱ्या वाटांत गाळ अडकला तर ती बिनदिक्कत खोटं बोलते. म्हणून कसलेला ड्रायव्हर खालचा निचऱ्याचा कॉक उघडून आधी वाफेची, मग पाण्याची वाट फुंकून घेतो. कॉक बंद करताच पाणी उसळून वर आलं तर काच खरी. रेंगाळत चढलं, तर त्या काचेच्या भरवशावर गाडी हाकायची नाही.

एवढ्यावरही चूक झालीच, तर भट्टीच्या छतात शिशाचा प्लग असतो. १८०३ साली ग्रिनिचला रिचर्ड ट्रेविथिकचा बॉयलर फुटून चार माणसं मेली. तो सांभाळायला ठेवलेला पोरगा वाम मासे धरायला गेला होता. त्यानंतर ट्रेविथिकने ही युक्ती काढली. पाणी उतरलं की शिसं वितळतं आणि वाफ थेट भट्टीत घुसते. त्याने आग विझेलच असं नाही, पण ड्रायव्हरला आग काढण्याची सूचना मात्र मिळते. प्लगवर क्षारांची पुटं चढली तर तीही मिळेलच असं नाही, म्हणून ठरावीक मुदतीने धडधाकट प्लगही काढून नवा बसवतात.